पुराची रंगीत तालीम

“पुराला दुसरा वार नाही का मिळाला? रविवारीच उगवायचं होतं?”

माझ्या मानेमागे चित्रा पुटपुटत होती. आमची लिफ्ट इतकी चिंचोळी आहे, की शेजारच्याचं पुटपुटणं ऐकू आलं नाही असं सोंग घ्यायलाही जागा उरत नाही. शिवाय तिच्या हातातलं पोह्यांचं पातेलं माझ्या कमरेला चटके देत होतं.

“पूर यांचा आणि पोहे माझे,” ती पुढे म्हणाली.

“अगं, पूर नाही. मॉक ड्रिल आहे,” तिचे यजमान मधुसूदन म्हणाले. ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. चाकणच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. माणूस रिटायर झाला, सेफ्टी काही झाली नाही. त्या सकाळी त्यांच्या अंगात चमकणारं हिरवं जाकीट, डोक्यावर हेल्मेट आणि गळ्यात कर्णा होता. “खरा पूर आल्यावर पोहे कोण मागणार आहे?”

“तुम्ही,” चित्रा म्हणाली.

आमची सोसायटी रहाटणीत, पवना नदीला इतकी चिकटून, की बिल्डरने तिचं नावच ठेवलं ‘पवनास्पर्श’. बिल्डर फसवतात असं लोक म्हणतात, पण आमच्याने शब्द पाळला. ऑगस्टात धरणातून पाणी सोडलं की नदी येते आणि स्पर्श करते. आधी पार्किंगला, मग लिफ्टच्या खड्ड्याला, मग तळमजल्याला. मे महिन्यात आम्ही टँकरने पाणी विकत आणतो आणि ऑगस्टात पंप लावून बाहेर फेकतो. मधले दोन महिने आम्ही सुखी असतो.

आता आतापर्यंत आमच्याकडे ह्याला कुणी पूर म्हणत नसे. ‘पाणी साचलं’ म्हणायचे. पूर म्हटलं की फ्लॅटचा भाव उतरतो, साचलेल्या पाण्याने नुसत्या गाद्या भिजतात. पण यंदा दिल्लीहून एक योजना निघाली. हवामान बिघडतंय, तर देशाने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. कुठे दुष्काळाशी, कुठे वणव्याशी. झिरपत झिरपत ती रहाटणीत आली, तेव्हा आमच्या वाट्याला पूर आला. शब्दच सरकारी झाला म्हटल्यावर लाज कसली! चित्रासुद्धा आता पूर म्हणताना खाली मान घालत नव्हती.

योजना अशी, की सोसायटीने पुराची रंगीत तालीम करून दाखवायची. तळमजल्यावर कुणी राहत असेल, तर त्या माणसाला सुखरूप गच्चीवर आणायचं. जमलं तर फाटकावर ‘पूरसज्ज’ अशी पाटी लागणार. नाही जमलं तर ‘तळमजला राहण्यास अयोग्य’ असा शेरा. आणि शेरा एकदा तळमजल्याला लागला, की तो जिन्याने चढत चढत पार सातव्यापर्यंत पोचतो, हे इथल्या लहान पोरालाही कळतं.

तळमजल्यावर फ्लॅट चार. तिघांनी आपापल्या फ्लॅटांत मोडके सोफे कोंडून कुलपं घातली आणि वाकड-निगडीला निघून गेले. चौथ्यात रोशनबी राहतात.

रोशनबी मूळच्या मंचरच्या. मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज. त्यांच्या नवऱ्याचं, कादरभाईंचं, काळेवाडीत दुचाक्यांचं गॅरेज होतं. त्या गॅरेजच्या कमाईवर त्यांनी हा फ्लॅट घेतला, आणि तोही हट्टाने तळमजल्यावर. का, तर अडलेल्या गिऱ्हाइकाला घरी येऊनही खिडकीतून हाक मारता आली पाहिजे. कादरभाई गेले, गॅरेज गेलं. मुलगा सोहेल चाकणला कंपनीत लागला, लग्न करून वाकडला अकराव्या मजल्यावर राहायला गेला. रोशनबी खिडकीशी राहिल्या.

मी त्यांच्या बरोब्बर वर, पहिल्या मजल्यावर. ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-बिडिंग करते. दर वर्षी पाणी आलं की रोशनबी एक गाठोडं घेऊन जिना चढून माझ्याकडे यायच्या. दोन दिवस लसूण सोलत, सगळ्या सोसायटीला शिव्या घालत आम्ही मजेत काढायचो. पाणी उतरलं की मी त्यांच्याबरोबर चिखल काढायला खाली. पण गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. लिफ्टने येतील-जातील, पण जिना आता त्यांचा राहिला नाही. आणि पाणी चढायला लागलं की आमच्याकडे सगळ्यात आधी काय बंद करतात, तर लिफ्ट.

मग ऑगस्टात ह्या बाईने वर यायचं कसं?

हा प्रश्न सोसायटीतल्या प्रत्येकाला माहीत होता. दर मीटिंगला तो कुणाच्या ना कुणाच्या ओठांपर्यंत यायचा आणि चहाबरोबर परत आत जायचा. त्याऐवजी सगळे म्हणायचे, “रोशनबी म्हणजे धीराची बाई!” सोहेल म्हणायचा, “अम्मी ऐकतच नाही, तिचा जीव त्या घरात.” त्याची बायको खुशनुमा गोड मुलगी, ती म्हणायची, “अम्मी, घर तुमचंच आहे, कधीही या.” आता ‘कधीही या’ ह्या आमंत्रणात वार नसतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. आणि मी म्हणायचे, “मी आहे ना वर.” वर असून मी काय करणार होते? मधे जिना होता.

खुद्द रोशनबी म्हणायच्या, “पाणी काय, येतं नि जातं. जावयासारखं. दोन दिवस करायचं त्याचं.” लोक हसायचे, आणि हसले की विषय संपायचा.

तर त्या सकाळी लिफ्टमध्ये शिरण्याआधी मी त्यांच्याकडेच होते. पूरग्रस्ताची भूमिका त्यांना मिळाली होती. मधुसूदनांनी आणलेलं लाइफ जॅकेट कुणा पैलवानाच्या मापाचं, त्यात रोशनबी नुसत्या हरवल्या होत्या. मी सुई-दोरा घेऊन बगलेत टाके घालत होते.

“साधना, खरं सांग. भोपळा दिसते का संत्रं?”

“संत्रं. नागपुरी.”

“भोपळा असते तर बरं झालं असतं गं. मंचरला विहिरीत पोहायला पाठीला भोपळाच बांधायचो. कधी बुडाले नाही.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “ही पोरं मला जिन्यात पाडणार तर नाहीत?”

“नाही हो. सोहेल आहे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला वरच्या मजल्यावरचा सनी. सनी जिमला जातो.”

“जिमला जातो तो आरशात बघायला.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. “आणि खरं पाणी येईल तेव्हा सनी शिफ्टला असला तर? सोहेल चाकणच्या ट्रॅफिकमध्ये असला तर?”

मी दातांनी दोरा तोडला. दोरा तोडताना बाईला बोलता येत नाही, ही फार सोयीची गोष्ट आहे. तोडून झाल्यावर म्हणाले, “होईल काहीतरी. धीर धरा.”

“धरलाय की,” रोशनबी म्हणाल्या. “तेवढंच काम आहे मला.”

मग मी त्यांच्या गळ्यात शिट्टी अडकवली आणि लिफ्टने वर निघाले. माझी ड्यूटी गच्चीवर होती, प्रथमोपचार. म्हणजे डेटॉलची बाटली आणि कापूस.

दहाच्या सुमाराला मधुसूदनांनी भोंगा सुरू केला. हा भोंगा त्यांनी कंपनीतल्या ओळखीने मिळवलेला. मोठं शेड रिकामं करायचा तो भोंगा, सात मजल्यांच्या इमारतीत वाजल्यावर चौथ्या मजल्यावरचं कबुतर अंडी टाकून पळालं.

गच्चीच्या कठड्यावरून मी खाली बघत होते. पाणी आल्याचा निरोप मिळाला की ‘पवनास्पर्श’मधला माणूस काय करतो? दर ऑगस्टात जे करतो तेच त्याने ह्या कोरड्या मे महिन्यातही केलं. गाडीची किल्ली घेतली आणि पार्किंगकडे धावला. आईबाप, पोरंबाळं, म्हातारीकोतारी नंतर. आधी गाडी. हप्ते चालू असतात ना! क्षणात तळघरातल्या सगळ्या गाड्या एकदम सुरू झाल्या आणि उतारावर नाकाला नाक लावून अडकल्या.

तेवढ्यात फाटकात पाण्याचा टँकर आला.

रविवारचा टँकर. तो बंद करायचं सगळे विसरले होते. त्याने अर्धं शरीर आत घातलं आणि समोर गाड्यांची भिंत बघून थांबला. मधुसूदन कर्णा घेऊन धावले. “मागे घ्या! मागे घ्या! पूर आलाय!”

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “पूर आलाय? मग पाणी परत नेऊ का?”

“नाही नाही! पाणी हवंय!”

“राव, एक काय ते ठरवा.”

टँकर मागे घ्यायला, मग गाड्या काढायला, मग काढलेल्या गाड्या मेन रोडवर उंचावर नेऊन लावायला बराच वेळ गेला. सोहेल वाकडहून बाइकवर आला होता, तो फाटकातच उतरून हातवारे करायला लागला. “दादा, तुम्ही डावीकडे दाबा. भाऊ, तुम्ही थांबा.” चाकणला रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये काढणारा माणूस, ट्रॅफिक दिसलं की त्याला राहवत नाही. सनीची बुलेट तळघरात सगळ्यात आत, दोन मोटारींच्या मागे. तो घामाने निथळत तिला ढकलत होता.

सनीने खालून बघितलं, सोहेल आलाय. म्हणाला असेल मनात, मुलगा आला, नेईल आईला. सोहेलने बघितलं, सनी इमारतीकडे धावतोय. त्याला वाटलं असेल, आणतोय तो अम्मीला. सनी प्रत्यक्षात हेल्मेट आणायला धावत होता.

लिफ्ट बंद होती, नियमाप्रमाणे. सगळे धापा टाकत जिन्याने गच्चीवर आले. चित्राने पोहे वाढायला घेतले. गच्चीवर ऊन मरणाचं होतं. मंजुषा मॅडम, तालीम तपासायला आलेल्या अधिकारी, टाकीच्या सावलीत उभ्या राहून फायलीने वारा घेत होत्या. चांगली बाई होती, पण तिला त्याच दिवशी आणखी तीन सोसायट्यांचे पूर बघायचे होते.

“आता हेडकाउंट!” मधुसूदनांनी कर्णा उचलला.

कंपनीत आगीची तालीम झाली की डिपार्टमेंटप्रमाणे माणसं मोजतात. पेंट शॉप किती, असेंब्ली किती. सोसायटीत डिपार्टमेंट कुठून आणणार? मधुसूदनांनी त्यावर आठवडाभर विचार करून तोडगा काढला होता. पार्किंग नंबर. प्रत्येक घराला एक नंबर, नंबर पुकारला की त्या घराने हजेरी द्यायची. सुटसुटीत. कमिटीने टाळ्या वाजवल्या होत्या त्या कल्पनेला. मीही वाजवल्या होत्या.

“बी चार?”

“हजर!”

“बी पाच?”

“हजर! दोन्ही गाड्या बाहेर!”

“बी नऊ?”

“हजर, पण आरसा घासला.”

शेवटचा नंबर झाला. एकही घर कमी नव्हतं. मधुसूदनांचा चेहरा असा फुलला, जसा मी कुठल्याच लग्नात कुठल्याच नवऱ्या मुलाचा फुललेला पाहिलेला नाही. “शंभर टक्के!” त्यांनी कर्ण्यातून जाहीर केलं. “मॅडम, शंभर टक्के!” टाळ्या झाल्या. कुणीतरी शिट्टीही मारली.

ती शिट्टी ऐकली आणि मला रोशनबींच्या गळ्यात अडकवलेली शिट्टी आठवली. मी तोंड उघडणार, तोच मंजुषा मॅडमनी फायलीत बघत विचारलं, “छान. आणि तळमजल्यावरच्या ज्येष्ठ नागरिक कोणत्या?”

चित्राचा डाव पातेल्यात थांबला. मी सोहेलकडे बघितलं. सोहेलने सनीकडे बघितलं. सनीने पोह्यांकडे बघितलं.

“त्या...” मधुसूदनांनी कर्णा खाली घेतला. मग अगदी प्रामाणिकपणे, जणू ह्यानेच सगळा उलगडा होणार आहे अशा आवाजात म्हणाले, “त्यांना पार्किंग नाहीये.”

सोहेल जिन्याकडे पळाला. त्याच्यामागे सनी, मग मी, मग हातात डाव तसाच घेऊन चित्रा, आणि मग सगळीच वरात.

रोशनबींचं दार सताड उघडं होतं. वाचवायला येणाऱ्यांचा खोळंबा होऊ नये म्हणून त्यांनीच उघडं ठेवलेलं. त्या कॉटवर बसल्या होत्या. केशरी जाकिटाचे बंद आवळलेले, मांडीवर कापडी पिशवी, त्यात औषधं, आधार कार्ड आणि कादरभाईंचा फोटो. पाय समोरच्या स्टुलावर उचलून ठेवलेले.

“आलात?” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, पाणी उतरल्यावर येताय.”

सोहेल दारातच थबकला. “अम्मी, हाक का नाही मारलीस?”

“हाक? शिट्टी वाजवली की. दिलेली होती ना, म्हणून वाजवली. पण तुमचा भोंगा थांबेना. तो थांबला तर टँकरवाल्याने हॉर्न धरला. मग म्हटलं, दम कशाला घालवा. वरून टाळ्या ऐकू आल्या, तेव्हा कळलं, वाचले सगळे.”

“आजी, सॉरी हो,” सनी म्हणाला. “गाडी अडकली होती.”

“निघाली का?”

“निघाली.”

“मग झालं तर.”

कुणीतरी हसलं, आणि त्या एका हसण्यावर सगळी खोली हुश्श झाली. हेच तर हवं होतं. रोशनबी हसवतायत म्हणजे सगळं ठीक आहे. खोलीभर बोलणं सुरू झालं. पुढच्या वेळी शिट्टीऐवजी घंटा लावू. नाही, बेल लावू, गच्चीपर्यंत वायर ओढू. रोशनबींना एक पार्किंग नंबर देऊन टाकू, गाडी नसली म्हणून काय झालं! खिडकीला दोरी बांधून ठेवू. एकाने तर फुगवायची होडी आणू म्हणून सुचवलं आणि ती ठेवायची कुठे ह्यावर दोघांची जुंपली. मी त्या भिंतीकडे बघत होते, जिच्यावर गेल्या वर्षीच्या पाण्याची मळकट रेघ कॉटच्या बरीच वर होती. पण मीही म्हणाले काय, तर “जाकिटाचे टाके मी पक्के करून देते.”

मधुसूदनांना आता जोम आला. “मॅडम, बघताय ना? एवढा वेळ एकट्या, पण पॅनिक नाही. कंपनीत धडधाकट माणसं पॅनिक होतात. ही आमच्या सोसायटीची खरी ताकद.”

मंजुषा मॅडमनी घड्याळ बघितलं. त्यांना काय घडलं ते कळलं होतं, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. पण पुढे तीन पूर बाकी होते. “असं करू,” त्या म्हणाल्या, “उचलून नेण्याचा भाग आता करून घेऊ. त्याआधी आजींचं मनोगत. वर पाठवायला व्हिडिओ लागतो.” त्यांनी मोबाइल धरला. “आजी, मोठं काही नको. एवढंच सांगा, ह्या तालमीनंतर तुम्हाला इथं सुरक्षित वाटतं ना?”

मोबाइलच्या मागे उभे राहून मधुसूदन मान हलवत होते, शाळेत नाटकात मागून खुणा करणाऱ्या मास्तरांसारखे. हो म्हणा, हो म्हणा. नुसतं ‘हो’ म्हटलं की पाटी लागणार होती. चित्रा पदराने डावावरचे पोहे पुसत होती.

सोहेल आईजवळ जाऊन उभा राहिला. घामेजलेला, ओशाळलेला, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत. “मॅडम, माझी अम्मी कुणाला घाबरत नाही. अब्बा गेले तेव्हासुद्धा नाही घाबरली. सांग ना अम्मी.”

रोशनबींनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. बाहेर मे महिना, फरशी कोरडी ठणठणीत, खोलीत पाणी काय ते तांब्यातलं. तरी त्यांनी अजून पाय खाली सोडले नव्हते. बोटं आवळून धरली होती.

“आजी?” मॅडम म्हणाल्या.

“घाबरते,” रोशनबी म्हणाल्या.

“मॅडम, हे परत घेऊ या का?” मधुसूदन घाईने म्हणाले. “त्या थट्टा करतात, सवय आहे त्यांना.”

“परत घ्या की. परत हेच सांगीन.” रोशनबींनी मोबाइलकडे बघणं सोडलं आणि मुलाकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, नुसता त्यातला ठसका कुठेतरी गेला होता. “मला भीती वाटते, सोहेल. आज खोटं पाणी होतं, तरी वाटली. दिवसा ढग आले की रात्री माझा डोळा लागत नाही. हे सगळे मला धीराची म्हणतात, म्हणून मी गप्प बसते. इथं माणसाने राहू नये. मला नाही राहायचं इथं. मला तुझ्या घरी ने.”